पंप आणि पलटण

बायकोचं रागावणं हल्ली अर्ध्यावरच थांबतंय हे कॅप्टनच्या लक्षात आलं, तेव्हा आधी त्यांना बरंच वाटलं.

कॅप्टन म्हणजे सैन्यातले नव्हेत. जन्मभर बस चालवून ते निवृत्त झाले होते आणि आता रोज संध्याकाळी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर लढाया मारत होते. त्यांची तुकडी चौघांची. ते स्वतः, साडूभाऊ, चित्रकलेचे मास्तर आणि कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक, ज्याला सगळे वस्तरा म्हणत. आपापल्या घरी बसून, एकमेकांशी बोलत चौघांनी चौक्या काबीज करायच्या. घरात त्यांचं कोणी ऐकत नव्हतं, पण तिथे कॅप्टनच्या शब्दाला वजन होतं.

"दूध उतू गेलं, अख्खा ओटा भरला, आणि हे बसलेत पूल उडवत! एक दिवस तुमचं हे यंत्र मी..." एवढं बोलून बायको दाराची चौकट धरून उभी राहिली. छाती भात्यासारखी चालली होती.

"यंत्र काय?"

"राहू दे. उद्या सांगते."

तोंडाचा पट्टा सुरू झाला की शेजारच्यांची दारं लागत, अशी तिची ख्याती. ती 'उद्या सांगते' म्हणाली, तेव्हा मात्र कॅप्टननी हेडफोन काढला.

"दम्याचा पंप ओढलास का?"

"ओढला की. एकदा."

"डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय ना?"

"एकदा ओढला की दुप्पट दिवस पुरतो. केवढ्याला येतो, माहितीये ना?"

कॅप्टनना स्वतःची फार लाज वाटली. ही बाई श्वास वाचवत होती, आणि आपण आपली ओरडा वाचला म्हणून खुशीत!

विमा कंपनीचा नियम असा होता, की वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतची औषधं आपल्या खिशातून घ्यायची आणि त्यापुढची कंपनी देणार. कॅप्टननी ती रक्कम केव्हाच ओलांडली होती. पण हा नवा पंप कंपनीच्या यादीत नव्हता, त्यामुळे त्याचा खर्च धरायलाच कंपनी तयार नव्हती. याच पंपाची गरज आहे असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. त्यावर शाखेतल्या साहेबांची सही आणि लगेच काउंटरवरच्या बाईंचा शिक्का, एवढंच हवं होतं. पण साहेब जागेवर असले की बाई जेवायला गेलेल्या, आणि बाई आल्या की साहेब मीटिंगला. खेटे घालून कॅप्टनच्या चपला झिजल्या.

"अरे, ही तर आपली डोंगरावरची चौकी!" एका संध्याकाळी हे गाऱ्हाणं ऐकून साडूभाऊ हेडफोनमधून म्हणाले. "दोन पहारेकरी. एकाला गाठावं तर दुसरा गायब."

"ती कशी घेतली होती आपण?" मास्तरांनी विचारलं.

"दोघांना एकाच वेळी," कॅप्टन म्हणाले आणि ताठ बसले.

मास्तरांनी शाखेचा नकाशा काढला. त्यात कुंडीतल्या रोपाला छायासुद्धा दिली होती. वस्तऱ्यानं मागच्या दाराशी उभं राहायचं, कारण साहेब तिथून सटकत. मास्तर आत बाकावर, साडूभाऊ समोरच्या चहाच्या टपरीवरून टेहळणीला, कॅप्टन काउंटरशी. चौघं एकाच फोन कॉलवर, कानाला हेडफोन लावून. घरच्या लढाईत हेडफोनची वायर कॉम्प्युटरला पक्की असते. शाखेत ती कॅप्टनच्या खिशातल्या फोनला होती, आणि खुर्चीच्या हातात अडकून खट्कन निघाली.

फोनचा स्पीकर सुरू झाला आणि साडूभाऊंचा आवाज सगळ्या शाखेत घुमला. "दोन्ही शत्रू आत! मागचं दार वस्तऱ्यानं रोखलंय! कॅप्टन, हुकूम द्या, घुसतो!"

वॉचमनची पाचावर धारण बसली. त्यानं धोक्याची घंटा दाबली, मागचं दार बंद केलं आणि पुढचं शटर धाडकन खाली ओढलं. पोलीस येईपर्यंत कोणालाही सोडायचं नाही, असा नियम होता. तो साहेबांनीच सही करून भिंतीवर लावला होता.

बाहेरून साडूभाऊ शटर बडवायला लागले. "मला आत घ्या! मी त्यांच्याच टोळीतला आहे!"

आत एकच गोंधळ उडाला. "अहो, घाबरू नका, तो माझा साडू आहे!" कॅप्टन ओरडले, पण ऐकतंय कोण? एक आजीबाई तेवढ्या शांतपणे विणत बसल्या होत्या. कॅप्टननी इकडेतिकडे पाहिलं, तर काउंटर रिकामा आणि केबिनही रिकामी. एवढं करून दोघं पुन्हा गायब! त्यांचा धीरच सुटला.

तेवढ्यात मास्तरांनी डोळ्यांनी खुणावलं. कॅप्टन गुडघ्यावर बसले आणि मोठ्या टेबलाखाली डोकावले. तिथे साहेब आणि बाई एकमेकांना चिकटून बसले होते.

"आम्हाला काही करू नका," साहेब म्हणाले.

"नाही करत. तुम्हीच करा. माझी फाइल."

"ती बाईंकडे आहे," साहेब सवयीनं म्हणाले.

"साहेबांकडे आहे," बाईही त्याच क्षणी म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खांद्याला खांदा लागलेला होता, त्यामुळे टोलवाटोलवीला जागाच उरली नव्हती. शिक्का बाईंनी घाबरून हातात घट्ट धरलेलाच होता. कॅप्टननी डॉक्टरांच्या पत्राची प्रत पुढे केली, साहेबांनी ती गुडघ्यावर ठेवून सही केली, बाईंनी शिक्का मारला आणि कॅप्टननी तिथेच टेबलाखाली दोघांना कडक सलाम ठोकला.

हे पाहून बाकीची मंडळीही आपापले कागद घेऊन टेबलाशी रांगेत उभी राहिली. पोलीस आले तेव्हा साहेब खुर्चीवर बसून घामाघूम होऊन सह्या करत होते.

"दरोडेखोर कुठे आहेत?" फौजदारानं विचारलं.

"कसले दरोडेखोर?" विणणाऱ्या आजीबाई कागद पुढे धरत म्हणाल्या. "जरा उशिरा आला असतात, तर माझंही काम झालं असतं."

फौजदारानं चौघांना दम भरून सोडून दिलं. कंपनीनं पंप दिला, आणि बायको सकाळ-संध्याकाळ दोनदा ओढायला लागली.

काही दिवसांनी एका संध्याकाळी तुकडी ऐन रणात होती आणि दूध पुन्हा उतू गेलं. बायको दारात येऊन उभी राहिली.

"पुन्हा दूध! जरा लक्ष ठेवा म्हटलं, तर हे इकडे पूल उडवतात, शाखेत जाऊन पोलीस गोळा करतात, माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला शटर बडवायला लावतात, आणि वर पेढे वाटल्यासारखं तोंड करून गल्लीभर सांगत फिरतात..."

"कॅप्टन, समोरून रणगाडा आलाय!" कानात साडूभाऊ ओरडले. "हुकूम?"

"येऊ दे," कॅप्टन हळूच म्हणाले. "सगळे गप्प बसा आणि ऐका."

"...आणि आता एक थेंब जरी उतू गेला ना, तर तुमचं हे यंत्र मी उचलून खिडकीतून खाली फेकून देईन! समजलं?"

ती थांबली. चौकटीला हातही लावला नव्हता.

"समजलं," कॅप्टन म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. पडद्यावर त्यांची सगळी तुकडी गारद झाली होती, आणि हेडफोनमध्ये तिघंही टाळ्या वाजवत होते.