डागी पानांचे पुडे

व्याही यायला महिना उरला आणि मुखरूच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर जांभळे ठिपके उमटले. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध राखाडी डोळा. मुखरूने चष्मा पुसून पुन्हा पाहिले, पण ठिपके पानावरच होते.

व्याही महाबळेश्वरकडचे, तीन एकर स्ट्रॉबेरीचे मालक. मुलीच्या लग्नात ते सहज म्हणाले होते, "तुमच्या धानोऱ्याला हे पीक यायचं नाही." त्यावर मुखरू "आणून दाखवतो!" म्हणाला होता, आणि तेही माइक सुरू असताना. तेव्हापासून अंगणातली बारा रोपे म्हणजे त्याची इज्जत होती.

त्याने फोटो काढून कृषी सहायक निशाला पाठवला. लगेच तिचा फोन आला. "बुरशी हाये, भाऊ. ठिपक्याची पानं तोडून टाका."

मुखरू कात्री शोधायला गेला, तोवर त्याची बायको मंगली वाफ्यात बसलीसुद्धा. तीस उन्हाळे विडीसाठी तेंदूपत्ता तोडून, पुडे बांधून वाळवलेली बाई ती, डागी पान तिला दुरूनच खुपायचे. "आजवर डागी सोडून चांगलं तोडलं, आज उलटं," असे म्हणत तिने दहा मिनिटांत वाफा साफ केला.

पण हाताची सवय जाते कुठे? तोडलेल्या पानांचे तिने वीस-वीसचे पुडे बांधले आणि वाफ्याच्या कडेलाच ओळीने उन्हात मांडले. मुखरू रोज संध्याकाळी झारीने वरून पाणी घालायचा. रोपेही भिजायची, पुडेही भिजायचे. पंधरा दिवसांत ठिपके दुप्पट झाले. मुखरूला रडू यायचेच काय ते बाकी होते.

शेवटी निशा स्वतः आली आणि पुड्यांकडे पाहतच राहिली. "हे काय हाये, बाई?"

"पुडे. ऊन देऊन राह्यली."

"कशाले?"

हा प्रश्न मंगलीला आजवर कुणी विचारला नव्हता. "तोडलं पान तसंच टाकाचं? पुडा तं बांधाच लागते!"

"बाई, तुमी रोगाले घरजावई करून ठेवलं! पाण्याच्या शिंतोड्यानं बुरशी पुन्हा झाडावर जाते. हे दूर नेऊन जाळा. आन् भाऊ, पाणी सकाळी, बुडाशी घाला. म्हैस धुवून राह्यले का?"

मंगलीने जड मनाने पुडे जाळले. मुखरू इरेला पेटला. पहाटे उठून तो एकेका बुडाशी लोट्याने पाणी घालू लागला, आणि मंगली रोज एकेक पान उलटून पाहू लागली. दोन रोपे गेली, पण उरलेल्यांवर सात स्ट्रॉबेऱ्या लाल झाल्या.

व्याही आले तेव्हा मुखरूने त्या बशीत मांडून समोर धरल्या. व्याही मात्र वाफ्याकडे बघत होते. मंगलीने बोलता बोलता एक पान खुडले होते.

"विहीणबाई, ते का तोडलं?"

"डागी हाये."

व्याह्यांनी पान डोळ्यांजवळ नेले. ठिपका सुईच्या टोकाएवढा होता. "यंदा आमची निम्मी बाग ह्यानंच गेली," ते हळू आवाजात म्हणाले. "पंधरा दिवस येता का आमच्याकडं? आमच्या माणसांना शिकवा."

"इवाई, खाऊन तं पाहा!" मुखरूने व्याह्यांपुढे बशी सरकवली.

व्याह्यांनी एक तोंडात टाकली. "गोड आहे. मग विहीणबाई, कधी निघायचं?"

"आन् मी?" मुखरूने विचारले.

"तुमी इथीच राहा. झाडाइले कोण पाहीन?" म्हणत मंगली लुगडी भरायला आत गेली आणि व्याही गाडीची वेळ बघू लागले.

उरलेल्या सहा स्ट्रॉबेऱ्या मुखरूने ओट्यावर बसून एकट्याने खाल्ल्या. खरोखरच गोड होत्या.