सरांचे हात

कला-शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षी 'मुक्त अभिव्यक्ती' हा विषय सक्तीचा असतो. मुलांनी मनातलं मोकळेपणाने काढावं, एका तासिकेत काढावं, आणि शिक्षकाने पाठाच्या टाचणात आधी लिहून दिल्याप्रमाणे काढावं, एवढीच माफक अपेक्षा. शाळेत सराव पाठ द्यायचा, त्यातली चित्रं नंतर समाजापुढे मांडायची. दोन्हीकडची पसंती मिळाली की उमेदवार शिकवायला लायक ठरतो.

अश्लेषाला पाठासाठी तुळिंजची शाळा मिळाली. गेल्या दिवाळीपर्यंत तिथे तिचे वडील, जितेंद्र सर, चित्रकला शिकवत होते. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि सर आले नाहीत. मुख्याध्यापकांनी दोन मिनिटं शांतता पाळून रिक्त पदाचा प्रस्ताव पाठवला. तेव्हापासून चित्रकलेच्या तासाला गणित होत असे.

सरांची एक खोड होती. मुलाच्या कागदाला ते हात लावत नसत. बाकांमधून फिरताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. कुणी घोडा काढून मागितला, तर फळ्यावर स्वतःचा वेगळा घोडा काढत आणि लगेच पुसून टाकत. घरीही तेच. लहानपणी अश्लेषाच्या गाईला पाच पाय झाले, तेव्हा आई म्हणाली होती, "अहो, एक पुसा की." सर म्हणाले, "गाय तिची आहे. ती बघेल."

पाठाचा विषय होता 'माझी शाळा'. पाचवीच्या मुलांनी पट्टी लावून इमारत काढली, खिडक्यांच्या जाळ्या काढल्या, गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काढल्या, मागचा मोबाईलचा टॉवरही सोडला नाही. मार्गदर्शक मर्सी टीचर शेवटच्या बाकावरून उठून आल्या.

"अश्लेषा बाय, ह्यात बालसुलभता कुठंय?"

"टीचर, मुलांनीच काढलंय."

"ते मला दिसतंय. पण मुलांनी काढल्यासारखं वाटत नाही. आणि गुण तसं वाटण्याला आहेत."

ही अडचण सगळ्याच उमेदवारांना आली होती. त्यावर महाविद्यालयाने शास्त्रीय तोडगा काढला: मुलांच्या चित्रांवर उमेदवारांनी डाव्या हाताने संस्कार करावेत. अश्लेषाच्या वर्गातला संकेत यात सर्वांत पुढे गेला. वाकडं घर, हसरा सूर्य, थेट डोक्यातून फुटलेले हातपाय, असं सगळं तो चहा थंड व्हायच्या आत उरकी.

"डोळे अर्धे मिटायचे, जीभ जराशी बाहेर," तो इतरांना शिकवी. "एकदम ओरिजिनल पोरगं वाटतं."

पण सरावाने डावे हात सुधारू लागले. रेषा सरळ यायला लागल्या. बालसुलभता टिकावी म्हणून डाव्या हातांना एक दिवसाआड विश्रांती देण्यात आली. तेवढ्याने भागेना, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा प्रस्ताव महाविद्यालयाच्या समितीपुढे गेला. शेवटी उत्तम चित्रांचा एक नमुना संच छापून शाळांना वाटला, मुलांनी मुलांसारखं कसं काढावं हे मुलांना समजावं म्हणून. मुलांनी ती चित्रं पट्टी लावून हुबेहूब उतरवली.

अश्लेषाने मात्र एकाही कागदाला हात लावला नव्हता. तिच्या गठ्ठ्यात पाचवीतल्या पिंकीचं चित्र होतं. वर्ग, बाक, आणि मधोमध एक उंच माणूस. चष्मा होता, खिशाला पेन होतं. सदऱ्याच्या बाह्या खांद्यापासून मागे वळल्या होत्या आणि तिथेच संपल्या होत्या.

"हे कोण?" मर्सी टीचरांनी विचारलं.

"ड्रॉइंगचे सर," पिंकी म्हणाली.

"मग हात कुठंयत त्यांचे?"

"मागे."

"मागे आहेत तर दाखवायचे ना, बाळा."

"दिसत नव्हते, टीचर. कसे दाखवू?"

मर्सी टीचरांनी अश्लेषाला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "बाय, तुझ्या डॅडींना मी ओळखत होते. देवमाणूस. पण मानवाकृतीला दोन हात लागतात, निकषात तसं आहे. तेवढे दे काढून. नाहीतर पाठ अपूर्ण धरावा लागेल. मग परत पुढच्या वर्षी."

"चित्र तिचं आहे, टीचर."

"आणि वर्ष तुझं आहे."

संकेत मदतीला धावला. "टेन्शन कशाला घेतेस? मी लेफ्टने मारून देतो ना. कोणाला कळणारे?"

तेवढ्यात अश्लेषाच्या ध्यानात आलं, आपले दोन्ही हात पाठीमागे गेले आहेत आणि एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं आहे. तिने ते तसेच राहू दिले. मर्सी टीचरांनी उसासा टाकून शेरा लिहिला: अपूर्ण.

चित्रं समाजापुढे मांडली गेली ती चंदनसारच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. अध्यक्ष हरेश्वरभाऊंनी फीत कापली आणि मुलांमधलं मूल जपण्याचं आवाहन केलं. संकेतने डोळे पुसले. पालक त्याच्या चित्रांपुढे "किती निरागस!" म्हणत फोटो काढत होते.

पिंकीची आई लेकीच्या चित्रापुढे थबकली. "हे काय गं? सरांना हातच नाहीत? लोक काय म्हणतील?" तिने पर्समधून पेन काढलं.

"ताई, नका—" अश्लेषा पुढे झाली.

"असू दे हो टीचर, तुम्हाला वेळ मिळाला नसेल." आणि तिने हात काढलेसुद्धा, समोर लोंबणारे, दहाही बोटं असलेले. एका मनगटावर घड्याळही घातलं.

मर्सी टीचरांनी जवळ येऊन पाहिलं. हात मोजले. दोन भरले. त्यांचा चेहरा उजळला. "समाजाचा प्रत्यक्ष सहभाग! बाय, हे तर कुणालाच जमलं नव्हतं." 'अपूर्ण' खोडलं गेलं, तिथे 'विशेष प्रावीण्य' आलं. अश्लेषा मुलांना शिकवायला लायक ठरली.

टाळ्या वाजत असताना पिंकीने तिचा कुर्ता ओढला.

"टीचर, आता सर कागदाला हात लावणार?"



चित्र अजून त्या हॉलमध्ये आहे. लोकांची सोय व्हावी म्हणून समितीने शेजारी दोरीला पेन बांधलं आहे. कुणी खिडकीत कुंडी ठेवली, कुणी सरांना मिशा दिल्या. तुम्ही अर्थातच मुलांच्या चित्रात ढवळाढवळ करणाऱ्यांतले नाही. सहज म्हणून सांगते, त्यात सूर्य अजून कुणी काढलेला नाही. वर उजव्या कोपऱ्यात जागा आहे.

उजव्याच ना? की तुम्ही मनात डावीकडे काढलात?