खंडेनवमीस पुजिलेलें यंत्र दसऱ्यास जागें न होई, त्याची हकीकत

"पोरी, यंत्र रुसलें म्हणोन आपण रुसूं नये. आधीं भिंतीकडे पाहावें, मग तारेकडे, आणि तेथें कांहीं न सांपडलें तरच पोटांत हात घालावा." ऐसें कैलासवासी तीर्थरूपांचें वचन चारुलताबाईसाहेबांचे कानीं लहानपणापासोन होतें. श्रीजगदंबा सर्वांचें कल्याण करो. तिचे पायीं मस्तक ठेवून, शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरीं, आश्विन शुद्ध दशमीस जें वर्तलें तें लिहिलें आहे. उणें असेल तें थोरांनीं पदरांत घ्यावें.

तीन खोल्या आणि एक गॅलरी इतक्या मुलखाचें एक राज्य होतें. तक्तावर हेरंबराव विराजमान, परंतु राज्य चाले तें त्यांच्या मातुःश्री अनसूयाबाईसाहेब यांचे व्रतवैकल्यांच्या पुण्याईवर, आणि सून चारुलताबाईसाहेब घरांचे नकाशे काढण्याच्या विद्येंत निपुण. मामंजींच्या दुखण्यांत त्यांनीं नोकरी सोडिली, तेव्हांपासोन ती विद्या म्यानांत होती. मग एके कचेरीनें कृपावंत होऊन कामगिरी दिधली कीं, शाळेचा नकाशा एकादशीचे दुपारपर्यंत पाठवावा, पसंतीस उतरला तर पुढेंही काम देऊं, न आला तर इच्छुक बहुत आहेत. आणि नकाशा अर्धा होतो न होतो तों जुनें यंत्र त्या ओझ्याखालीं बसलें तें उठेचना. तेव्हां बाईसाहेबांनीं सुटे भाग मागवून नवा कॉम्प्युटर आपले हातें बांधावा ऐसा निश्चय केला. भाग आले ते नेमके खंडेनवमीस. आईसाहेबांनीं पाट मांडिला, त्यावर विळी, कात्री, अडकित्ता ओळीनें ठेविले, आणि आज्ञा केली, "चारू, तुझीं हत्यारं आण." बाईसाहेब खोकीं घेऊन आल्या. आईसाहेब हंसोन बोलिल्या, "अगं, तलवार म्यानात ठेवून कुणी पूजा करतं का? काढ बाहेर!" मग बाईसाहेबांनीं मदरबोर्ड वेष्टणांतून काढून पाटावर निजविला, आणि आईसाहेबांनीं हळदकुंकू जपून खोक्यास लाविलें, परंतु अक्षता टाकिल्या त्या डोळे मिटून आणि मोठ्या मनानें. पूजेउपरांत बाईसाहेबांनीं त्या कुंचल्यानें झाडून घेतल्या.

दुसरे दिवशीं दसरा. बाईसाहेबांनीं मदरबोर्डाचे पटांगणांत प्रोसेसर हा मुख्य कारभारी बसविला, मेमरीच्या पट्ट्या म्हणजे दप्तरदार, ते आपापले खांचेंत उभे केले, पॉवर सप्लाय हा विजेचा जामदार, तो तळघरांत ठेविला, पंख्यांस चवऱ्या ढाळावयास लाविलें, आणि विजयमुहूर्त साधून कळ दाबिली. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळा तो काळाच. हेरंबराव बोलिले, "पंखा मात्र झकास झालाय. उन्हाळ्यात उपयोगी पडेल."

"अहो, तुम्ही आत जा, नाहीतर गप्प बसा," बाईसाहेब म्हणाल्या. "दोन्ही केलंत तर फारच उत्तम."

इतक्यांत आईसाहेबांनीं नवरात्राचे पारण्याचें वाढिलेलें ताट झांकोन बाजूस सारिलें आणि जपमाळ घेतली. "तुझं यंत्र उठू दे, मग मी जेवीन." बाईसाहेबांनीं मनांत हिशेब केला. नऊ दिवसांचा उपास, आणि उद्यां पुन्हा एकादशी! "आई, यंत्राचा आणि तुमच्या जेवणाचा काय संबंध?" आईसाहेब हळूच बोलिल्या, "तुझा माझा आहे ना? मग झालं."

मग बाईसाहेबांनीं तीर्थरूपांचे वचनाप्रमाणें भिंतीवर चाल केली. एक सॉकेट सोडून दुसरें धरिलें, व्यर्थ. मग तारेवर चाल केली. पडद्याची तार बदलोन पाहिली, व्यर्थ. हेरंबराव फोन उचलोन म्हणाले, "दुकानदारानं खराब माल गळ्यात मारला. थांब, खडसावतोच त्याला. नाहीतर तुझ्या हातून तरी काही मोडलं असणार." तें ऐकोन बाईसाहेबांचे जिव्हेवर तिखट शब्द आले. ज्याची चूक ती त्याच्या पदरांत चारचौघांदेखत घालावी हा त्यांचा मूळ स्वभाव, आणि त्यामुळें घरांत कितीक वेळां अबोला जाहला होता. परंतु माळ ओढणारे थकले हात दृष्टीस पडले, आणि त्या उठोन गॅलरींत गेल्या, आणि तुळशीपाशीं उभ्या राहोन पुटपुटल्या, "अंबे, मला तुझी पूजाअर्चा कळत नाही. एवढं यंत्र चालू होऊ दे. दोष कुणाचाही निघो, माझ्या तोंडून त्याला बोल लागणार नाही."

मग येऊन वीज तोडिली, पेटीचे लोखंडास हात लावून अंगींची वीज उतरविली, आणि पोटांत शिरल्या. पेटीची बाजू उघडून पुन्हा क्षणभर वीज देऊन पाहतात तों मेमरीचे दप्तराशीं एक बारीक दिवा इशारतीचा जळतो आहे! तात्काळ वीज बंद करोन पट्टी उपसिली, मोबाइलचा उजेड पाडिला, आणि पाहिलें तों खांचेचे तळाशीं हळदीनें माखलेला एक तांदूळ, किल्ल्याचे दिंडींत धोंडा अडकावा तैसा, तिरपा बसलेला. म्हणोन पट्टी बसल्यासारखी दिसे, परंतु बसलेली नव्हे.

"सापडलं का गं काही?" आईसाहेबांनीं पुसिलें.

"एक विझलेल्या उदबत्तीची काडी द्या, आई." काडीनें दाणा हळूच उचकटून मुठींत घेतला, पट्टी दाबिली ती कट्‌ ऐसा आवाज करोन बसली, कळ दाबिली, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं! हेरंबरावांनीं टाळ्या पिटिल्या. "मग? चूक कुणाची? दुकानदाराचीच ना?"

"पट्टी नीट बसली नव्हती."

"बसवली कुणी?"

"मी."

"म्हणजे सगळ्या राज्याला उपाशी ठेवलंत, राणीसाहेब!"

"तिला काही बोलू नकोस रे," आईसाहेब डोळे पुशीत बोलिल्या. "कष्ट तिचे, आणि माझ्या अक्षता. कशा फळल्या बघ!"

येणेंप्रमाणें गड हातीं आला. नकाशा मुदतींत पोहोंचला, कचेरी प्रसन्न जाहली, पुढील काम मिळालें, आणि पुढें हत्यारें म्यानांतच पुजावीं ऐसा ठराव सूनबाईंनीं गोड बोलोन करविला; त्याचें कारण कोणास पुसावेंसें वाटलें नाहीं. परंतु हें सर्व मागाहून. तेसमयीं चारुलताबाईसाहेबांचे ओठ एकवार विलगले, आणि मिटले, आणि मग "फळल्या, आई" इतकेंच बोलोन, मूठ तैसीच झांकलेली ठेवून, त्या पोळीवर वाढावयाचें तूप आणावयास स्वयंपाकघराकडे निघाल्या.