आधी यार्ड मोकळं करा, मग भात

आमच्या सोसायटीत दुपारचं जेवण झालं की माणसं आडवी होतात. बोरसे नाना मात्र जिना चढतात. चार मजले वर, चार मजले खाली, अशा तीन फेऱ्या, त्याही पहिली ढेकर यायच्या आत. मी तळमजल्यावर राहतो. त्यामुळे रोज पावणेदोनला माझ्या दारावरून मालगाडी जाते.

नाना मनमाडला रेल्वेत यार्डमास्तर होते. रिटायर होऊन नाशिकरोडला आले आणि महिन्याभरात डॉक्टरांनी शुगर सांगून भात बंद केला. दुसरा कुणी नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. नानांनी शरीराचंच यार्ड चालवायला घेतलं.

"भात म्हंजे मालगाडी," ते भेटेल त्याला सांगतात. "गाडीचा काय दोष? माल उतरवून घेतात आपले स्नायू. तिथले रूळ मोकळे असले तर गाडी सरळ आत. तुंबलेले असले तर आउटरला उभी, म्हंजे रक्तात! आधी यार्ड मोकळं करा, मग भात मागा."

"मी तर दोन्ही वेळा भात खातो, मला कुठे काय होतं?" मी एकदा नको तो शहाणपणा केला. नानांनी ताबडतोब बोट टोचायचं मशीन आणलं. दोघांनी एकेक बशी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. दोन तासांनी माझा आकडा नानांच्या वर!

"तुमचं यार्ड माझ्यापेक्षा तुंबलंय, भाऊ," नाना खूश होऊन म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात दोन मालगाड्या धावू लागल्या.

लग्नाच्या पंगतीत भात आला की नाना ताटावर हात आडवा धरत. "सिग्नल लाल!" शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, आमच्या काकू, त्याही मुकाट्याने नको म्हणत. मग नाना माझ्याकडे वळून बजावत, "वर्षाच्या आत ताटात भात आला नाही, तर नाव बदलीन." भातासाठी इतका जीव टाकणारा माणूस मी पाहिला नव्हता.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून वाटीभर भाताला परवानगी दिली. नानांनी मला जेवायलाच बोलावलं. इंद्रायणी तांदळाचा वास जिन्यापर्यंत आला होता. नानांनी भात स्वतः वाढला, आणि पहिल्यांदा काकूंच्या ताटात.

काकू घोटीच्या, भातखाचरांत वाढलेल्या. नानांचा भात बंद झाला त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "तुम्ही खाल तेव्हाच मी खाईन." आज त्या वरण-तूप कालवून डोळे मिटून जेवत होत्या. नाना मिटक्या मारत होते, पण घास औषधाच्या गोळीसारखा गिळत होते.

काकू पापड आणायला आत गेल्या, तसं मी विचारलं, "काय नाना, आवडला नाही?"

"मी बाजरीचा माणूस, भाऊ. भात मला कधीच आवडला नाय." नाना कुजबुजले. "पण पस्तीस वर्षं तिच्या हातचा वाखाणून खाल्ला. आता खरं कुठल्या तोंडानं सांगू?"

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "अजून वाढू का हो?"

नानांनी हसत ताट पुढे केलं. "वाढ की. सिग्नल हिरवा हे."