मोतीरामभाऊंनी उघडं ठेवलेलं पान

लाखांदूरच्या आमच्या महाविद्यालयातले मोतीरामभाऊ संगणकाचं नेटवर्क कानानं सांभाळतात. बाहेरून कुणीही आमच्या वेबसाइटवर आलं, की त्यांच्या स्पीकरमधून 'टक' असा आवाज येतो. ही करामत त्यांचीच. मी शेजारच्या टेबलावर प्रवेशाचे अर्ज तपासते. न दिसणारं कुणीतरी दिवसभर दार ठोठावत असताना काम कसं करायचं, ते मला विचारा!

"मानूस टकटक करून थांबते, म्याडम. थांबत नाही ते मानूस नोहे," भाऊ सांगतात. हजारो यंत्रं एकदम येऊन खऱ्या माणसांची वाट अडवतात, तो हल्ला. भाऊंना त्याची चाहूल आधी लागते. घास हातातच ठेवून ते हळूच "आले" म्हणतात आणि माझ्या अंगावर काटा येतो. वेबसाइटचं वापरात नसलेलं पान उघडं ठेवायचं नाही, हल्ला तिथूनच शिरतो, हा त्यांचा दंडक. मी एकदा विसरले, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

रोज बरोबर अकराला मात्र एक वेगळा, खालच्या पट्टीतला 'टक' येई. भाऊ तेव्हा सगळ्यांना गप्प करीत. कोण म्हणून विचारलं, तर "आपलंच मानूस."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी स्पीकर अखंड कडकडायला लागला. अर्ज जाईनात. बाहेर मुली रडकुंडीला आलेल्या. वर्ष वाया जायची वेळ. भाऊंच्या पडद्यावर पाहिलं, तर सगळा मारा एकाच जुन्या पानावर.

"हे कुणी उघडं ठेवलं?"

"मीनंच."

मी भडकले. भाऊ खाली बघून म्हणाले, "बायकोसाठी. एसटी लाखांदूरले पोचली का नाही, याचा तिले लय घोर. तिच्या फोनात बसवून देल्लं. अकरा वाजता तो इथं टक करते, इथून मी जवाब धाडला का तिले समजते, मी पोचलो."

"पण भाऊ, वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली."

"फोन चालू हाय ना. चार्जिंगले लावूनच घराले कुलूप घालतो."

भाऊंनी स्वतःच्या हातानं ते पान बंद केलं. कडकडाट थांबला, अर्ज जायला लागले. एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला भाऊंनी खिशातून फोन काढून वहिनींचा नंबर लावला. दिघोरीच्या त्या कुलूपबंद घरात आता घंटी वाजत असेल, या विचारानं मी हातातला अर्ज खाली ठेवला. पण त्यांनी लगेच फोन ठेवला.

"काय झालं, भाऊ?"

"बिझी हाय." त्यांचा चेहरा उजळला होता. "बोलून राहिली असन कोनाशी. थोड्या वेळानं लावतो."