वाटीखालचं अळंबं

परसात उगवलेली अळंबी कोणत्या जातीची, हे उद्या आपण छातीठोकपणे सांगणार, असं बहुतेकरावांनी जाहीर करून टाकलं. घरातले सगळे चाट पडले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस. स्वतःचं नाव सांगतानाही आधी 'बहुतेक' म्हणेल, असा मेव्हण्याचा दावा होता. टोपणनावही त्यानंच ठेवलेलं.

"भावोजी, छाती जरा बेतानं ठोका," मेव्हणा म्हणाला. "सवय नाही तुम्हाला."

हे मात्र बहुतेकरावांच्या जिव्हारी लागलं. ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकात एक युक्ती होती. अळंब्याची टोपी काळ्या कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळपर्यंत कागदावर भुकटीचा ठसा उमटतो आणि त्याच्या रंगावरून जातीचा माग लागतो. संध्याकाळी त्यांनी ओट्यावर सगळं मांडलं. आता शेजारी सूचनेची चिठ्ठी हवी. 'हात लावू नये' की 'हात लावू नका'? 'नये' सरकारी वाटत होतं, 'नका' उद्धट. 'कृपया' घालावं, तर कुठे? विचार करता करता डोळा लागला आणि चिठ्ठी कोरीच राहिली.

सकाळी येऊन पाहतात तो मेव्हणा रिकामी बशी बोटानं पुसत होता.

"वाटीखालचं कुठे गेलं?"

"ऑम्लेटमध्ये. ताईनं माझ्यासाठीच झाकून ठेवलं होतं ना? झकास लागलं."

बहुतेकरावांच्या पायाखालची जमीन सरकली. "अरे, ते परसातलं होतं."

"विषारी आहे?"

"नाही. म्हणजे, बहुतेक."

"बहुतेक नाही, की बहुतेक आहे?"

प्रश्न व्याकरणाला धरून होता. बहुतेकरावांनी घाईघाईनं डॉक्टरांना फोन लावला.

"कोणतं अळंबं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिंपल्यासारखं. म्हणजे, तसं म्हणायला हरकत नसावी..."

"फोन दुसऱ्या कुणाला तरी द्या."

दुसरं कुणी म्हणजे मेव्हणा. तो फरशीवर आडवा होऊन आपली मोटरसायकल कुणाला द्यावी, हे सांगत होता.

एवढ्यात बायको भाजीची पिशवी घेऊन आली. सगळं ऐकून तिनं फोन हातात घेतला. "डॉक्टर, ती खायची धिंगरी अळंबी. रोपवाटिकेतून अळंबी उगवायची भुशाची पिशवी मीच आणली होती. पीक संपल्यावर परसात ओतली, तिथेच पुन्हा फुटलीत. मी रोज खातेय." मग दुपारी भावाला दाखवून आणायचं कबूल करून तिनं फोन ठेवला.

"मला सांगायचं नाही?" बहुतेकराव पुटपुटले.

"भिंग घेऊन बसलात की किती खुशीत असता. मला मोडवेना."

मेव्हणा अजून फरशीवरच. "ताई धीर द्यायला बोलत असेल. भावोजी, तुम्ही सांगा. मी वाचेन?"

बहुतेकरावांनी ओट्यावरचा काळा कागद उचलला. त्यावर पांढऱ्या रेघांचा सुरेख पंखा उमटला होता, थेट पुस्तकातल्या धिंगरीच्या ठशासारखा. त्यांची छाती फुगली.

"नक्की," ते म्हणाले.

मेव्हण्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, गेलो गं मी. भावोजी 'नक्की' म्हणाले. मरणाऱ्याशीच माणूस असं बोलतो."

बायकोनं कोपरानं ढोसलं. बहुतेकराव खाकरले आणि त्यांनी मुकाट्यानं दुरुस्ती केली.

"बहुतेक वाचशील."

मेव्हणा टुणकन उठून बसला. "हां, हे कसं बरं वाटलं. ताई, अजून उरलीत का गं ती अळंबी?"