कोडम मॅडमचे पेशंट

कोडम मॅडम उंदरांच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करतात. टकटक करतात, जरा थांबतात आणि मगच आत जातात. आत पांढऱ्या उंदरांखेरीज कुणी नसतं. खोलीची देखभाल करणारा आमचा शिवाजी मंद्रूपचा. त्यानं पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, आतनं कुनी 'या' म्हननार हाय का ह्यास्नी?"

मॅडमना ऐकू गेलं. "एकदम दार उघडलं की घाबरतात ते. घाबरले की त्यांची शुगर वाढते आणि माझं माप चुकतं. कळलं?" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि जाता जाता तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या. ते शिवाजीला होतं की उंदरांना, हे आम्हा दोघांनाही आजवर कळलेलं नाही.

आमचं फार्मसी कॉलेज सोलापूरच्या कडेला आहे. गोळी कशी बनवायची हे मी शिकवतो आणि ती पोटात गेल्यावर काय करते हे मॅडम शिकवतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीवरही मी आहे. सही करतो, घरी जातो आणि जेवताना उंदीर आठवतात. मला अपराधी वाटायला तसं फारसं कारण लागत नाही. पोलिसानं दुसऱ्याची गाडी अडवली तरी मी माझं लायसन्स काढून हातात धरतो. अशा माणसाच्या शेजारच्या टेबलावर कोडम मॅडमसारखी बाई असणं ही एक शिक्षाच होती.

कारण त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "कंट्रोल कुठाय?"

कंट्रोल म्हणजे ज्यांना औषध दिलेलं नसतं असा गट. तो नसेल तर औषधानं गुण आला असं म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत हे ठीक आहे, पण मॅडम हा नियम घेऊन गावभर फिरायच्या. एक विद्यार्थी म्हणाला, मारुतीला नारळ फोडला म्हणून पास झालो. मॅडम म्हणाल्या, "न फोडलेले किती पास झाले ते विचारून ये. मग पेढे घेते." माझ्या बायकोनं हळदीच्या दुधानं माझी सर्दी गेली असं सांगितलं, तर म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वेळी यांना देऊ नका. बघू या जाते का." अशोक चौकातल्या एका लग्नात मुलाची आई कौतुकानं सांगत होती, "लग्न ठरल्यापासून पोरगं सुधारलं बघा." यांनी गंभीरपणे विचारलं, "न ठरलेला जुळा भाऊ आहे का त्याला?" तेव्हापासून त्या घरच्या कार्यांची पत्रिका आमच्या स्टाफरूममध्ये एक कमी येते.

पन्नाशी उलटल्यावर या बाईंनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय असा की जंतुसंसर्ग रक्तात पसरून सगळं शरीर कोसळायला लागतं त्या आजारात, म्हणजे सेप्सिसमध्ये, मधुमेहाची साधी मेटफॉर्मिनची गोळी काही मदत करते का? प्रयोग अर्थातच उंदरांवर. "याच वयात? आणि हाच विषय?" मी विचारलं. "दुसरं वय शिल्लक आहे का माझ्याकडं?" विषयाचं त्यांनी काही सांगितलं नाही.

काम आम्ही असं वाटून घेतलं होतं. औषध मी तयार करायचं. एका बाटलीत विरघळवलेली गोळी, दुसरीत नुसतं पाणी. एकीला लाल झाकण, दुसरीला निळं. कुठल्या झाकणाखाली काय आहे हे फक्त मला माहीत. मॅडमना ते कळता कामा नये, नाहीतर मोजताना नजर आपोआप एका बाजूला झुकते. आता माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही हे कॉलेजच्या शिपायालाही ठाऊक आहे. तेव्हा मॅडमनी पहिल्याच दिवशी आपली खुर्ची उलटी फिरवली. तो सगळा काळ त्या माझ्याशी भिंतीकडं तोंड करून बोलल्या. जिन्यात समोरासमोर आलो की छत्री उघडायच्या. मी काही सांगायला लागलो तर, "बिराजदार, तुमचा चेहरा फुटतोय. तिकडं बघा!" नवीन आलेल्या लेक्चररबाईंना वाटलं, आमच्यात फार मोठं भांडण आहे. त्यांनी समेटासाठी दोघांना चहाला बोलावलं. मॅडम तिथंही खिडकीकडं बघत चहा प्यायल्या.

प्रयोग संपला. जगलेले आणि दगावलेले उंदीर मोजून झाले आणि मी झाकणांचं गुपित फोडलं. लाल म्हणजे गोळी. दोन्ही गट सारखेच जगले होते. फरक जवळजवळ नाहीच. मॅडम बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं वळल्या होत्या.

तेवढ्यात शिवाजी दारात आला. "मॅडम, माजी चादर घेतली व्हती का तुमी? दुपारचं अंगावर घ्यायची? लई वास मारतोय तिला उंदराचा."

"घेतली होती. पिंजऱ्यांवर घातली होती."

"समद्या?"

"सगळे कसे झाकले जाणार? जे गारठले होते त्यांच्यावर. एसी किती असतो आत!"

मी डोक्याला हात लावला. या आजारात उंदराचं अंग तापत नाही, गार पडतं. ऊब दिली तर तो तगतो. आणि सगळ्यात जास्त गारठले होते ते निळ्या झाकणाचे, ज्यांना गोळी मिळाली नव्हती. थोडक्यात, एका गटाला मेटफॉर्मिन मिळालं, दुसऱ्याला सोलापुरी चादर मिळाली आणि सामना बरोबरीत सुटला.

जन्मभर जगाला कंट्रोल विचारणाऱ्या बाईंनी स्वतःचा कंट्रोल पांघरूण घालून निजवला होता.

प्राचार्य व्यवहारी माणूस. म्हणाले, "चादरीचं कशाला लिहिता? गोळीचा उपयोग नाही, एवढं लिहा. तशा निष्कर्षालाही डिग्री मिळते. मुदत संपत आलीय. प्रयोग परत करायला गेलात आणि वेळेत झाला नाही तर सगळंच जाईल."

"उपयोग नाही हे मला कुठं माहीत आहे, सर?"

"डिग्रीला काय करायचंय त्याचं?"

"मला करायचंय."

मॅडमनी चादरीची हकिकत प्रबंधात सविस्तर लिहिली आणि नव्यानं परवानगी मागितली. या खेपेला सगळ्याच पिंजऱ्यांखाली सारखी ऊब, वेदना कमी करायचं औषध सगळ्यांना आणि एखादा उंदीर वाचणार नाही असं दिसलंच तर त्याला तळमळत ठेवायचं नाही. शेवटी एक ओळ होती. निरीक्षण दुसऱ्या कॉलेजातले एक सर करतील, कारण अर्जदाराचा स्वतःच्या हातांवर भरवसा नाही. मी सही केली. त्या दिवशी जेवणही नीट गेलं.

प्रयोग सुरू झाला आणि मॅडम खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या. लेक्चर झालं की बाकावर. डबा बाकावर. ते सर बाहेर आले की उठून उभ्या राहायच्या. "कसे आहेत?" सर सांगायचे, मॅडम, सांगता येणार नाही. त्या पुन्हा बसायच्या. शिवाजी मला म्हणाला, "सिव्हिलला वार्डाच्या भाईर नातेवाईक बसत्यात, तसंच दिसतंय की वो सर."

एका दुपारी मी गेलो आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून, बसलो. मी काही विचारलं नव्हतं.

"यजमानांच्या पायाला जखम झाली होती," मॅडम म्हणाल्या. "टॉवेलच्या कारखान्यात, चिंचोळीला. मधुमेहाचा पाय. मग रक्तात पसरलं."

ते वारले तेव्हा कॉलेजचे आम्ही सगळे गेलो होतो. एवढं आम्हाला माहीत होतं.

"दवाखान्यात गोळी थांबवायची ठरली. मेटफॉर्मिन. मी औषधशास्त्राची म्हणून डॉक्टरांनी मलाही विचारलं, मॅडम, बंद करतोय, बरोबर ना? मी म्हटलं, करा. अशा वेळी किडनीला झेपत नाही, बंद करतात. पुस्तकात तसंच आहे. दरवर्षी मी तेच शिकवते." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट बसवलं. "आत सोडत नव्हते. मी बाहेरच बसले होते."



दुसऱ्या खेपेला फरक दिसला. गोळी मिळालेले उंदीर जास्त जगले. फार नाही, पण जास्त. काम मुदतीत बसलं. प्राचार्यांनी पेढे मागवले आणि स्वतःच वाटले.

सगळे गेल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच उरलो. मॅडमनी विचारलं, "म्हणजे बंद करायला नको होती का?"

'नाही हो, तुमचं बरोबरच होतं' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते बोलून टाकलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण उंदरांवरून एका माणसाचं सांगता येत नाही आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

"माहीत नाही, मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. बॉक्स पुढं ओढून एक पेढा काढला, चटकन तोंडात टाकला. मग आणखी एक काढला आणि तळहातावर ठेवून बघत बसल्या.

"फार आवडायचा त्यांना. घरात मी कधी येऊ दिला नाही. एकदा कपाटात टॉवेलांच्या मागं सापडला, तर केवढं बोलले होते मी."

तो पेढा त्यांनी लगेच खाल्ला नाही. कडेकडेनं, अगदी लहान लहान तुकडे मोडून, बराच वेळ खात राहिल्या.